रंगाचे एक्केचाळीस हात

माणूस समोरून कसा दिसतो याच्याशी चौकटकाकूंना कधीच काही देणंघेणं नव्हतं. त्या माणूस बघायच्या तो बाजूने. नाक कसं, डोळे कसे, कपडे कोणते, हे बाकीच्या जगाने बघावं. काकूंनी एकदा पोटापासून पाठीपर्यंत नजर फिरवली की झालं. 'जाईल', 'जाणार नाही' आणि 'जेवणाआधी आला असता तर गेला असता', असे माणसांचे तीनच प्रकार त्यांनी आयुष्यभर मानले. यात श्रीमंत-गरीब, आपला-परका, शहाणा-येडा असलं काही येत नाही, हे मला फार आवडतं.

कामच तसं होतं त्यांचं. गावाच्या टोकाला जो डोंगर आहे त्याच्या पोटात दगडाची एक कमान आहे. कुणी बांधलेली नाही. पाणी, वारा, ऊन आणि थंडी यांनी मिळून हजारो वर्षं डोंगर कुरतडला, मऊ तेवढा दगड खाल्ला, कडक तेवढा ठेवला, आणि मागे राहिली ती ही कमान. पण बाहेरून ती दिसत नाही. तिच्या चारी बाजूंना विहिरीच्या भिंतींसारखे उभे कडे आहेत आणि आत जायला वाट एकच: दोन कड्यांमधली साठ पावलांची फट. तिला सगळे बोळ म्हणतात. बोळात सरळ चालता येत नाही, आडवं होऊन सरकावं लागतं. चाळिसाव्या पावलावर तर अशी जागा येते की दोन कड्यांमध्ये जेमतेम एक फूट उरतो. त्या जागेचं नाव घसा.

काकू लग्न होऊन गावात आल्या त्याच वर्षी एक धान्याचे व्यापारी त्या घशात अडकले. सकाळी अडकले ते दिवेलागणीला सुटले. तेही दोन बाटल्या तेल आणि कोटाची सगळी बटणं खर्ची घातल्यावर. बोळातून माणसं नेण्याआणण्याचं काम काकूंच्या नवऱ्याकडे नुकतंच आलं होतं. तो दुसऱ्या दिवशी उठला तो थेट सुताराकडे गेला. या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींनी बोळात शिरून घशाचं माप काठीवर खाच पाडून घेतलं आणि तेवढ्याच रुंदीची एक लाकडी चौकट करून दिली. दोन उभे खांब, वर एक फळी. ती तिकिटाच्या खिडकीशेजारी रोवली आणि फळीवर काकूंनी स्वतःच्या हाताने रंगवलं: 'यातून जाल तर त्यातून जाल.' चौकटीचा पहारा त्यांच्याकडे आला, आणि वर्षभरात त्यांचं खरं नाव गाव विसरून गेलं.

पहारा म्हणजे कसा! भीड नाही, मुर्वत नाही. एकदा एक बडे साहेब चौकटीत अर्धेच शिरले आणि मागे होऊन म्हणाले, "मला ओळखलेलं दिसत नाही तुम्ही."

"समोरून ओळखलं हो," काकू म्हणाल्या. "बाजूने बसत नाही."

एकदा एक नवं जोडपं आलं. नवरी चौकटीतून वाऱ्यासारखी निघून गेली आणि नवरदेव दोन बोटांनी राहिला. त्याने कोट काढला, स्वेटर काढला, पट्टा काढला, खिशातला रुमालसुद्धा काढून ठेवला. शेवटी हात जोडले. काकूंनी त्याला स्टुलावर बसवून चहा पाजला, पण सोडलं नाही. तासाभराने नवरी बाहेर आली ती अशा चेहऱ्याने की तो बिचारा बस येईपर्यंत एकच विचारत राहिला, "पण होतं काय तिथे?" जे चौकटीतून जात त्यांना काकू वर सल्लाही देत, "घशाशी आलात की पोटभर श्वास घ्या आणि धरून ठेवा." आणि दरवर्षी, पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, डबा आणि कुंचला घेऊन चौकटीला रंगाचा एक हात मारत. सरकारी काम असलं म्हणून काय झालं, ते टवटवीत दिसायला नको?

आता दिव्याखाली अंधार म्हणतात तो ऐका. या काकूंनी कमान पाहिलेलीच नव्हती.

चौकट रोवली त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यात कोण शिरलं असेल तर काकू. हसत हसत शिरल्या आणि हसतच अडकल्या. चांगल्या वीतभर जास्त होत्या. मिस्त्री आभाळाकडे बघत म्हणाले, "चौकट बरोबर आहे." नवरा काडीसारखा, काकू माहेरूनच भरलेल्या, दोघं शेजारी उभे राहिले की दहाचा आकडा दिसायचा. "होशील गं बारीक, मग जाऊ," नवरा म्हणाला. काकूंनीही तसं ठरवलं. पण ठरवणं वेगळं आणि जेवणं वेगळं. मग मुलगा झाला, मग गुडघे कुरकुरायला लागले, मग नवरा गेला, आणि 'मग जाऊ' हे तसंच राहून गेलं.

आणि बघा, जगातल्या बाकी सगळ्या कमानी काकूंना तोंडपाठ होत्या! आलेले पाहुणे पुढे आणखी कुठे कुठे जायचे आणि तिथून काकूंना फोटो पाठवायचे. वाळवंटातली लाल कमान, समुद्रात पाय सोडून उभी असलेली कमान, बर्फाने पांढरी झालेली, एकीवर एक चढलेल्या दोन, आणि एक तर इतकी बारीक की खाली कुणी शिंकलं तर पडेल. तिकिटाच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी भरली होती. फक्त हाकेच्या अंतरावरच्या कमानीचा धड फोटो नव्हता. आत जागाच एवढी अडचणीची की कॅमेऱ्यात एकतर डावा पाय यायचा नाहीतर उजवा. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला काकू विचारायच्या, "कशी आहे?" आणि तो प्रत्येक जण, मग तो मास्तर असो की वकील, म्हणायचा, "काय सांगू!" बोलण्यावर पोट असलेली माणसंसुद्धा तेवढंच सांगतात म्हटल्यावर काकूंचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात काकूंना पोटाचं दुखणं झालं. मोठं झालं. ऑपरेशन, सलाइन, अडीच महिने दवाखान्याची खाट. मुलाने बोळाचं काम सांभाळलं, सुनेने तिकिटाची खिडकी, आणि दोघांनी आळीपाळीने काकूंच्या उशाशी रात्री काढल्या. जीव वाचला. पण घरी आल्या त्या निम्म्या होऊन.

पहिल्याच दिवशी काकू आरशासमोर उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या त्या बाजूने; सवयच ती. आरशातल्या बाईवर त्यांनी पोटापासून पाठीपर्यंत नजर फिरवली आणि तोंडातून आपोआप निघालं, "जाईल!"

मग ती बाई आपणच आहोत हे ध्यानात आलं आणि त्या मटकन पलंगावर बसल्या. हसू असं फुटलं की टाके दुखायला लागले. एका हाताने पोट दाबून धरायचं आणि पुन्हा हसायचं. सून धावत आली तर म्हणाल्या, "काही नाही गं, आत एक ओळखीची बाई भेटली."

पण इथेच खरी शर्यत सुरू झाली. डॉक्टर म्हणाले होते, अंग भरलं पाहिजे. आणि सून प्रेमळ. प्रेमळ माणसाला डॉक्टरांचा हुकूम मिळाला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. सकाळी अंडी, दहाला दूध, दुपारी लोण्यात न्हालेला भात, चारला सायीची वाटी. दर मंगळवारी वजनकाटा. काटा पुढे सरकला की सून टाळ्या पिटायची आणि काकू हळूच पोटावर हात फिरवून बघायच्या. त्या रोज सकाळी आरशात बघायच्या: जाईल. जाईल. जाईल बहुतेक.

मग काकू चोऱ्या करायला लागल्या. दूध कुंडीत, साय मांजराला, लोण्याचा गोळा रुमालात गुंडाळून खिडकीबाहेर. दोन आठवड्यांत मांजर 'जाणार नाही' या वर्गात गेलं.

"आई, साय खाल्लीत?" सुनेने एक दिवस विचारलं.

"खाल्ली."

"मग ती मांजराच्या मिशांना कशी लागली?"

सून कमरेवर हात ठेवून उभी. एरवी काकूंनी काहीतरी थाप मारली असती, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले.

"मला कमान बघायचीय गं," त्या म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा बसेन अशी झालेय. तू भरवते आहेस, आणि तुझं चुकतंय असं नाही, पण पुन्हा भरले की संपलं. सत्तरी झाली. पुढचं दुखणं आलं तर ते मला बारीक करेल की नाहीशी करेल, काय भरवसा?"

सुनेने दुपारसाठी काढून ठेवलेलं लोणी उचलून फडताळात ठेवलं आणि फडताळ लावून घेतलं. "मग हे आधी सांगायचंत ना! मांजराला कशाला छळलंत? डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तर सोमवारी जायचं."

डॉक्टर म्हणाले, हळू जा आणि कुठे धडपडू नका. सोमवारी सकाळी पाहुण्यांच्या आधी तिघंही चौकटीपाशी आली. काकूंनी शाल काढून सुनेकडे दिली, आडव्या झाल्या, आणि एक्केचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा त्या चौकटीत शिरल्या. खांदा गेला. छाती गेली. पोट आलं आणि थांबलं.

इकडून लोटून पाहिलं, तिकडून ओढून पाहिलं. नाही. काकू मागे सरकल्या आणि स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "दोन बोटं."

"आई, चौकटीचं सोड," मुलगा म्हणाला. "मी रोज आत जातो. बघू तर खरं, नाहीच जमलं तर परत फिरू. इथे कोण आहे बघायला?"

"मी आहे ना बघायला!" काकू कडाडल्या. "दोन बोटांसाठी लोकांना परत पाठवलंय मी. हात जोडून उभे राहिले, तरी पाठवलं. कुणी किती दुरून आलेलं असायचं! आणि आज माझी पाळी आली म्हणून चौकट सोडू? मग ती माणसं काय वेडी होती?" आणि त्या स्टुलावर बसल्या. रागाने बसल्या, पण बसल्यावर राग टिकला नाही. सुनेने खांद्यावर टाकलेली शाल त्यांनी तोंडावर ओढून घेतली. सूनही खिडकीत डोळे पुसत तिकिटांचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडे करायला लागली.

तेवढ्यात मिस्त्री आले. वय वर्षं त्र्याऐंशी. रोज सकाळी फिरून परतताना खिडकीपाशी चहाला थांबत. त्यांचा मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता आणि आठवडाभर ते सगळं जग नव्याने बघून त्याला नावं ठेवत हिंडत होते. अमक्याचं दार तिरकं आहे, तमक्याच्या खिडकीची फळी वाकली आहे, शेजारचे गृहस्थ एवढे म्हातारे कधी झाले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग चौकटीकडे पाहिलं, आणि चहाचा कप खाली ठेवला.

"ही कुणी केली?"

"तुम्हीच की," मुलगा म्हणाला.

"मी? हे असले गुबगुबीत कोपरे? माझ्या कामाचा कोपरा हाताला लागला तर रक्त निघेल!" त्यांनी खांबावर नख ओढलं, मग गाल टेकवून एका डोळ्याने वरून खाली पाहिलं. मग तरातरा घरी गेले. मिस्त्रींनी जन्मभरात मोजपट्टीवर विश्वास ठेवला नव्हता. प्रत्येक कामाची वेगळी काठी, काठीवर खाच, आणि काम झालं की काठी माळ्यावर. अर्ध्या तासाने ते आले ते कोळिष्टकांनी पांढरे होऊन, हातात एक्केचाळीस वर्षांपूर्वीची काठी घेऊन. काठीचं टोक त्यांनी एका खांबाच्या आतल्या कडेला लावलं आणि ती दुसऱ्या खांबावर आडवी धरली. दुसऱ्या खांबाची कड खाचेच्या अलीकडेच, चांगली दोन बोटं अलीकडे, आली.

"लाकूड फुगलं असेल," सून म्हणाली.

"लाकूड माझं आहे, ते फुगत नाही." मिस्त्रींनी खिशातून पटाशी काढली आणि खांबाच्या कडेला एक हलका ठोका दिला. टप्पकन एक तुकडा खाली पडला. पावाच्या कडेएवढा जाड. काकूंनी तो उचलला, पालथा केला, आणि त्याची बाजू डोळ्यांजवळ धरली.

पट्टे होते. निळा, पांढरा, हिरवा, पिवळा, पुन्हा निळा. केसाएवढे बारीक, एकावर एक.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "हे माझे हात!"

एक्केचाळीस वर्षं, दरवर्षी एक हात, आणि तोही काकूंचा हात. त्यात काटकसर कुठली! खरवडणं नाही, घासणं नाही, जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. दोन्ही खांब आतल्या आत जाड होत गेले आणि मधली वाट बारीक होत गेली. डोंगराचा घसा होता तिथेच होता. आवळत होत्या त्या काकू, आणि दरवर्षी लांब उभ्या राहून 'वा, काय सुरेख दिसते' असंही म्हणत होत्या.

मग जी धांदल उडाली ती काय वर्णावी! मिस्त्री एका खांबाला भिडले, मुलगा दुसऱ्या. सुनेने घरातून उलथनं आणलं. तोवर पहिली बस आली आणि उतरलेल्या पाहुण्यांना वाटलं की तिकीट काढल्यावर हे करावंच लागतं. त्यांनीही किल्ल्या, चमचे, नखं घासायच्या कानशी, मिळेल ते घेऊन खरवडायला सुरुवात केली. काकू मध्ये स्टुलावर बसून पडणारा प्रत्येक पोपडा वाचत होत्या.

"हा पिवळा! याच्या लग्नाच्या वर्षीचा. दुकानात दुसरा रंगच नव्हता. हा हिरवा, पूर आला होता तेव्हाचा. हा गुलाबी... शी! दुकानदाराने फसवलं होतं मला, लाल म्हणून दिला. वर्षभर चौकट बाहुलीच्या घरासारखी दिसत होती. आणि हा बघ, हा लाल! तेव्हा तू पाठीवर बांधलेला होतास आणि कुंचला ओढून अर्धा रंग माझ्या केसांत ओतलास. वर्षभर ह्यांनी मला लाल काकू म्हणून हाक मारली." बोलता बोलता पांढरा आला. पाच वर्षांपूर्वीचा, नवरा गेला त्या सालचा. तो पोपडा काकूंनी पुसला आणि खिशात ठेवला. मग लगेच ओरडल्या, "तो कोपरा राहिला! तिथे दोन हात आहेत, मी तिथे नेहमी जास्त मारायचे!"

आणि मध्येच त्या एकदम थांबल्या. हात तोंडावर गेला.

"म्हणजे मी लोकांना उगाच परत पाठवलं?"

"तो नवरदेव!" काकू म्हणाल्या. "तो दोन बोटांनी राहिला होता रे! आणि ते साहेब! आणि ती बाई, चार गाड्या बदलून आलेली! आणि तो पाव विकणारा, तीन वर्षं दरवर्षी यायचा, दरवर्षी आणखी बारीक होऊन यायचा, आणि मी दरवर्षी..." पुढे त्यांना बोलवेना, कारण हसू आलं. वाईट वाटत होतं आणि हसू येत होतं, आणि दोन्हींची घशात गर्दी होऊन उचकी लागली. "तो बारीक होतोय आणि मी चौकट बारीक करतेय! दोघांची पैज लागली होती रे, आणि दोघांनाही माहीत नाही!"

"पत्रं पाठवू या सगळ्यांना," सून म्हणाली.

"कुठल्या पत्त्यावर?" मुलगा म्हणाला. "'प्रति, जाडे गृहस्थ' असं लिहून?"

आता सगळी रांगच हसायला लागली. एक पाहुणा तर इतका हसला की त्याला चौकटीचाच आधार घ्यावा लागला. काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यापूर्वी परत गेलेला कुणीही आला आणि त्याने नुसतं सांगितलं तरी त्याला तिकीट पडणार नाही. मग तो खरं बोलत असो की खोटं.

दुपारपर्यंत खांब उघडे झाले. मिस्त्रींनी काठी आडवी धरली. आता कड बरोबर खाचेवर आली. "ही माझी चौकट," ते म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. काकू उठल्या, आडव्या झाल्या, शिरल्या. खांदा, छाती, पोट. एक बटण लाकडाला घासलं, खर्रकन आवाज झाला, आणि काकू पलीकडे होत्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी मागे वळून नजर त्या चौकटीवर फिरवली आणि मुलाला म्हणाल्या, "चल लवकर. सून काहीतरी खायला देईल त्याच्या आत."

मुलगा पुढे, काकू मागे. बोळात शिरल्या तशी पाठीला गार भिंत लागली आणि नाकासमोरही गार भिंत. वर आभाळाची एक दोरी तेवढी दिसत होती. भिंती इतक्या गुळगुळीत होत्या की काकूंनी जाता जाता त्यांना हात लावून पाहिला. किती माणसं घासून गेली असतील! आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण बाजूने पाहिलंय. पावलं मोजत होत्या. अडतीस, एकोणचाळीस. मग घसा आला. काकूंनी पोटभर श्वास घेतला, धरला, सरकल्या, आणि पाचर मारल्यासारख्या बसल्या.

"आई, श्वास सोड," मुलगा म्हणाला.

काकूंनी मानेने नाही म्हटलं. गाल फुगलेले, डोळे बाहेर.

"अगं, सोड श्वास!"

"धरायचा असतो!" काकू कशाबशा म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं लोकांना सांगतेय मी!"

"हो, आणि एक्केचाळीस वर्षं आधी बाबा आणि आता मी, इथे आल्यावर प्रत्येकाला सांगतो की बाहेरच्या काकूंनी सांगितलेलं विसरा. श्वास घेतला की माणूस फुगतो, आई!"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग एवढ्या अडचणीत, पुढेमागे डोंगर असताना, त्यांना जे हसू फुटलं ते पोटातली सगळी हवा घेऊनच बाहेर पडलं. मुलाने हात धरून ओढलं आणि काकू हसत हसत घशातून निसटल्या. उरलेली वीस पावलं त्या "मेल्यांनो, एकाने तरी सांगायचं!" असं म्हणत गेल्या.

बोळ संपला. काकू उघड्यावर आल्या आणि समोर पाहिलं. समोर कडा होता. डावीकडे कडा, उजवीकडे कडा. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मुलाने नुसतं बोट वर केलं.

काकूंनी मान वर केली, आणखी वर केली, शेवटी मागे कड्याला हात टेकून उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ती पुरती दिसली. एका कड्यातून निघून दुसऱ्या कड्यात गेलेला दगडाचा एक पट्टा, पायाशी घराएवढा जाड आणि मधोमध इतका बारीक की धरून वाकवावा. त्याच्या वरही आभाळ, खालीही आभाळ. खालच्या आभाळातून ढग चालले होते, आणि बघता बघता ढग थांबले आणि कमानच चालायला लागली. काकूंनी मुलाचा दंड घट्ट धरला.

"चालतेय रे! पडेल!"

"ढग चाललेत, आई."

"गप्प बस. चालतेय ती." डोकं गरगरत होतं, आणि त्यांना मुळीच खाली बघायचं नव्हतं. भिंतीवरच्या सगळ्या कमानी हिच्यापुढे फोटो होत्या. कशी आहे, असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर काकूंना एक शब्द सांगता आला नसता. तोंड उघडं होतं, तेवढंच.

शेवटी मान दुखली तेव्हा त्यांनी बसायला जागा शोधली. बोळाच्या तोंडाशी एक लांबट, बसका दगड होता. त्याची एक बाजू बसून बसून खोलगट झाली होती. काकू तिथे बसल्या. बसल्या तर तोंडासमोर नुसती भिंत.

"हे कोण शहाणं?" काकू म्हणाल्या. "एवढी कमान मागे आणि बसायचं भिंतीकडे तोंड करून?"

मुलगा भिंतीकडे बघतच म्हणाला, "बाबा."

काकूंनी मान वळवली.

"लोक कमान बघायचे तेवढा वेळ ते इथे बसायचे. असेच, तिकडे तोंड करून. मी दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा आलो, तेव्हा विचारलं. म्हणाले, तुझी आई आणि मी दोघं मिळून बघायचं ठरलंय. मी एकट्याने बघून घेतली तर घरी जाऊन तिला काय तोंड दाखवू?"

"आणि मग?"

"मग काय. शेवटपर्यंत तसंच. आता येता-जाता डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली असेल, मी खोटं कशाला बोलू. पण बघायची म्हणून मान वर केली नाही त्यांनी कधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले होते. म्हणाले, सांगितलंस तर ती जेवण सोडेल."

काकू खूप वेळ त्या भिंतीकडे बघत बसल्या. छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, 'कशी आहे हो?' आणि छत्तीस वर्षं त्याने 'आहे तिथेच आहे' असं म्हणून ताट ओढून घेतलं होतं. तेव्हा त्यांना त्याचा राग यायचा. "येडा," त्या हसून म्हणाल्या. "काडीएवढा माणूस, आणि..." आणि मग रडल्या, मोठ्याने, काही न लपवता. त्या विहिरीएवढ्या जागेत त्यांचा आवाज वरपर्यंत गेला आणि परत आला.

मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, दगडावर बसल्या बसल्याच एकेक पाय उचलून पलीकडे टाकला, आणि कमानीकडे तोंड करून, दगडाच्या एका टोकाशी सरकून बसल्या. शेजारची जागा हाताने झाडून साफ केली. मुलगा समोरच उभा होता.

"तू तर रोज बघतोस ना?" काकू म्हणाल्या. "मग हो बाजूला. आम्हां दोघांना बघू दे."